शुम

परवा ग्दान्स्कच्या मित्राचा फोन. "रसल घेऊ की रोर?" मला वाटलं कोडमधलं काही असेल. तर नाही. त्याची आजी गेली. तिची पत्रं तो मुलीसाठी इंग्रजीत करतोय. पोर लंडनमध्ये वाढलेली, पोलिश जेमतेम.

घोडं अडलं होतं 'शुम'पाशी. पोलिशमध्ये झाडांतून वारा गेला की शुम, आणि समुद्राचाही शुमच. सुक्या पानांचा शेलेस्त, ओढ्याचा श्मेर, पाण्यात काही पडलं तर प्लुस्क. हे बाकीचे इंग्रजीत कसेबसे बसतात हो! आजीने लिहिलंय, रात्रभर शुम ऐकत पडले होते. आता बाल्टिकच्या किनाऱ्यावर पाइनचं जंगल कितीतरी ठिकाणी पार वाळूपर्यंत येतं. मग जंगलाचा की समुद्राचा? पोलिशमध्ये ते सांगावंच लागत नाही. इंग्रजीत रसल म्हटलं की समुद्र गेला, रोर म्हटलं की झाडं गेली.

मी म्हटलं, "नॉइज लिही की. आपल्या व्हाइट नॉइजलाही तुम्ही शुमच म्हणता ना?"

"अरे, आजीला त्या आवाजाचा त्रास होत नव्हता!"

गप्प बसलो. मराठीत तरी काय केलं असतं म्हणा. झाडांची सळसळ, समुद्राची गाज. दोन्ही झकास, पण वेगवेगळे.

शेवटी त्याने शुम तसाच ठेवला आणि लेकीला फोनवर वाचून दाखवला, 'श' चांगला लांबवून. तिने लगेच विचारलं, "पण कसला? समुद्राचा की झाडांचा?"

विचारायला आता आजी नाही.