सोयाबीनच्या मुळाशी प्रयोगशाळा

आज पुन्हा वाटते, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या आसपासच्या पदवी विद्यार्थ्याला सूक्ष्मजीवशास्त्र नुसते फळ्यावरून शिकवणे म्हणजे त्याच्या हक्काचे काही काढून घेणे आहे. इथली काळी जमीन, तिच्यात सोयाबीन. पावसाळ्यात मुळे धुऊन एक गाठ कापली की आत लालसर रंग दिसतो. तीच काचपट्टीवर चिरडून ग्रॅम रंजन केले की नत्र स्थिर करणारे जिवाणू डोळ्यांसमोर येतात. कुठल्या शेतात गाठी कमी, आणि का, हे मुलांनीच शोधावे. ही हौस नव्हे. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी, गणित शिक्षणाचे २२५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कृतीतून शिकवणाऱ्या वर्गांच्या तुलनेत निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याची शक्यता दीडपट निघाली.

अभ्यासक्रम मागे पडेल, ही हरकत खोटी नाही. पण परीक्षेनंतर विसरायचे असेल, तर तो पुरा करून कोणाचे भले होते? मुलांनाच व्याख्यान आवडते, असेही म्हणतात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेच दिसले: कृतीतून शिकलेल्यांना आपल्याला कमी कळले असे वाटले, चाचणीत मात्र त्यांना गुण जास्त मिळाले. हे शिक्षकाने पहिल्याच तासाला मोकळेपणी सांगावे. खर्चाचे म्हणाल, तर सूक्ष्मदर्शक आणि रंजके या विषयाच्या प्रयोगशाळेत लागतातच. मुळे बांधावर मिळतील.