सांगून मारलेला ठोसा

कराटे हा शब्द उच्चारला की आपल्याकडे विटा, कौले आणि बर्फाच्या लाद्या एकदम फुटू लागतात. मी कराटे शिकते हे महाविद्यालयात कळल्यापासून ग्रंथालयातील शिपाईकाकांपासून अर्थशास्त्राच्या सरांपर्यंत सर्वांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, "किती विटा फोडतेस?" म्हणून आरंभीच सांगून टाकते की गेल्या डिसेंबरात पाचगणीला जे दोन दिवसांचे शिबिर झाले, त्यात एकही वीट फुटली नाही. फुटला तो एक ओठ, आणि तोही आठवड्याच्या आत बरा झाला.

वाईहून आम्ही नऊजण शनिवारी पहिल्या एस.टी.ने पसरणीचा घाट चढून गेलो. सुट्टी असलेल्या एका शाळेचे सभागृह शिबिरासाठी घेतले होते. खाली शहाबादी फरशी, पाय अनवाणी आणि पाचगणीची पहाट! तळव्यांतून थंडी वर चढत चढत दातांपर्यंत पोचत होती. सातारा, सांगली, पुणे असे सगळे मिळून ऐंशीएक विद्यार्थी होते. शिकवायला मुंबईहून दोन ज्येष्ठ प्रशिक्षक आले होते. सर सत्तरीला टेकलेले. मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या, बांध्याने लहानखुऱ्या. दोघांचेही काळे पट्टे इतके विरले होते की वरच्या काळ्या कापडापेक्षा आतला पांढरा दोराच अधिक दिसत होता. आमच्यातल्या काहींचे पट्टे नुकतेच दुकानातून आल्यासारखे कुळकुळीत होते. ते लोक उगीचच मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

आमची अपेक्षा अशी की इतकी मोठी माणसे आली आहेत, तर काहीतरी मोठे शिकवतील. सरांनी शिकवली 'हेइआन शोदान'. कराटेत ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिकेला 'काता' म्हणतात, आणि हेइआन शोदान ही अगदी पहिल्या वर्गातली. एकंदर २१ हालचाली, त्यांत दोन ठिकाणी पोटातून आरोळी. इकडे वळा, तिकडे वळा, पुढे जा, मागे या, आणि शेवटी जिथून निघालात तिथेच येऊन थांबा. प्राथमिक शाळेत बाराखडी गिरवावी तशी आम्ही ती शेकडो वेळा गिरवलेली. सरांनी प्रत्येकाच्या पायाखाली खडूने एक फुली काढायला लावली आणि म्हणाले, "चला." एकविसावी हालचाल संपली तेव्हा ऐंशीपैकी मोजून सहाजण आपापल्या फुलीवर होते. एक मुलगा तर शेजारणीच्या फुलीवर जाऊन उभा राहिला होता आणि ती त्याच्या फुलीच्या शोधात होती. सर हसले नाहीत. म्हणाले, "एक पाऊल लांब, एक आखूड. घरी पोचणार कसे?" मग दुपारपर्यंत आम्ही फक्त पाऊल टाकत होतो. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, मधूनच सर येऊन कमरेला एक हलका धक्का देत. जो डगमगला त्याने पुन्हा पहिल्यापासून. जेवायला बसताना मांड्यांनी असहकार पुकारला. पिठलं-भाकरी मात्र उत्तम होती.

दुपारी सूत्रे मॅडमनी घेतली आणि जोड्या लावायला सांगितल्या. पाच पावलांची एक कवायत असते, तिला 'गोहोन कुमिते' म्हणतात. हल्ला करणारा आधी मोठ्याने सांगतो, "जोदान!" म्हणजे चेहऱ्यावर. मग एकामागून एक पाच पावले पुढे येत पाच ठोसे मारतो. समोरचा तेवढीच पावले मागे सरत, कपाळावर हात उचलून ते अडवतो, आणि पाचव्यानंतर उलट ठोसा देतो. (असा आगाऊ नोटीस देऊन येणारा सद्गृहस्थ एस.टी.च्या गर्दीत मला अद्याप भेटलेला नाही.)

मॅडमनी सांगलीच्या दोन मुलांना पुढे बोलावले. दोघेही काळ्या पट्ट्याचे. काय त्यांचा तो वेग, काय त्या बाह्यांचा फडफडाट! आम्ही बघतच राहिलो. मॅडम बचाव करणाऱ्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या आणि पुन्हा सुरू करायला सांगितले. "जोदान!" समोरच्याने ठोसा मारला, याने हातच उचलला नाही, पाऊलही मागे घेतले नाही. नुसता उभा राहिला. आणि ठोसा त्याच्या नाकापासून चांगला वीतभर अलीकडे हवेत संपला.

मॅडमनी मुठीपासून नाकापर्यंतचे अंतर स्वतःच्या वितीने मोजले. "मग इतका वेळ हा काय अडवत होता?" त्यांनी विचारले.

सभागृहात कोणी बोलेना. मग त्यांनी तोच प्रयोग सगळ्या जोड्यांकडून करून घेतला. चाळीस मुठी हवेत लटकल्या. काही वीतभर अलीकडे, काही कानाच्या पलीकडे बाजूने गेलेल्या. मॅडमचे म्हणणे असे होते की हाताला लगाम असणे वेगळे. अंतर बरोबर असावे, ठोसा खरोखर पोचणारा असावा, आणि मग कातडीशी येऊन तो तुमच्या ताब्यामुळे थांबावा. इथे थांबवण्यासारखे काही नव्हतेच. "तुम्हाला वाटतं तुम्ही मित्राला जपता. तुम्ही त्याला खोटी नाणी मोजून देता. बाजारात गेल्यावर त्याला कळेल."

इथे माझ्या जोडीदारणीविषयी थोडे सांगितले पाहिजे. (तिला विचारून लिहिते आहे.) ती शेजारच्या गावाहून एस.टी.ने महाविद्यालयात येते. अडीच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी भरलेल्या गाडीत जे घडले, ते इथे लिहीत नाही. वाचणाऱ्या मुलींना ते सांगावे लागणार नाही, मुलांनी घरी बहिणीला विचारावे. घडले त्यापेक्षा तिला दुसरीच गोष्ट लागून राहिली. त्या पाऊण तासात तिचा हात उठला नाही आणि तोंडातून शब्द फुटला नाही. पुढच्या आठवड्यात ती वर्गात आली. आमच्याकडे रीतच अशी की मुलींनी मुलींना जपून मारायचे. तिने अडवलेला प्रत्येक ठोसा त्या रीतीतला होता. त्या दुपारी माझी मूठ तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबली, तेव्हा ती माझ्याकडे पाहतच नव्हती. त्या रिकाम्या वितीकडे पाहत होती.

रात्री जेवणानंतर सर बोलत बसले. बाहेर सिल्व्हर ओकमधून वारा वाहत होता, आणि योगायोगाने गोष्टही वाऱ्याचीच निघाली. जपानात कराटे रुजवणारे फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) हे मूळचे ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. १९२२ मध्ये टोकियोत या विद्येचे प्रात्यक्षिक दाखवायला गेले आणि तिकडेच राहिले. ते कविता करीत आणि 'शोतो' हे टोपणनाव घेत. पाइनच्या झाडांतून वाऱ्याची जी लाट जाते ती शोतो. आमच्या शैलीचे 'शोतोकान' हे नाव त्यावरून आले. म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी या विद्येवर हक्क सांगायला हरकत नाही! पूर्वी 'कारा' हे अक्षर चीन या अर्थाने लिहीत. पुढे त्याच उच्चाराचे 'रिकामा' या अर्थाचे अक्षर आले आणि कराटे म्हणजे 'रिकामा हात' झाला. कराटेत पहिला वार नाही, हे फुनाकोशींचे मुख्य शिकवणे. हेइआनच्या पाचही काता बचावानेच सुरू होतात, हे सरांनी उभे राहून एकेक करून दाखवले.

"मग सर, पहिला ठोसा मारायचा कोणी?" मागून एकाने विचारले. सगळे हसले.

"वर्गात तुझ्या मित्राने," सर म्हणाले. "ते काम कोणाला तरी करावं लागतं. कठीण काम आहे."

मुलींच्या खोलीत त्या रात्री मॅडमना पुष्कळ प्रश्न विचारले गेले. मुंबईच्या लोकलने तीस वर्षे नोकरी केलेली बाई. तिने किती जणांना लोळवले असेल, ही आमची उत्सुकता. "एकालाही नाही," त्या म्हणाल्या. "आवाज मात्र पुष्कळदा वापरला. आधी आवाज, मग पाय. हात सगळ्यात शेवटी. आणि कराटे येतं म्हणून काही होणारच नाही, असं मी कोणत्याच मुलीला सांगत नाही." कोणीतरी हिरमुसले. मला मात्र त्या बाईंवर तेव्हापासून अधिक विश्वास वाटू लागला.

रविवारी पहाटे टेबललँडवर धावून आलो आणि पुन्हा जोड्या लागल्या. माझी मैत्रीण समोर उभी राहिली. "खरा मार," ती म्हणाली.

"जोदान!" मी म्हटले. पहिले दोन तिने अडवले. तिसऱ्याला तिचा हात उशिरा उठला आणि माझी मूठ तिच्या ओठावर जाऊन लागली. पांढऱ्या गणवेशावर रक्ताचे दोन थेंब पडले. माझे पाय गळाठले. मॅडम आल्या, गार पाण्याचा कापूस ओठावर दाबला, दात हलत नाही ना ते पाहिले. मला काहीच न विचारता तिलाच त्यांनी विचारले, "पुढे?"

"पुढे," ती म्हणाली.

त्या क्षणी हातातला जोर कमी करू नये, याइतके अवघड काम मी आजवर केलेले नाही. "जोदान!" पहिला. दुसरा. तिसरा ठोसा तिने असा अडवला की हाडावर हाड वाजल्याचा आवाज भिंतीपर्यंत गेला. पुढचे आठ दिवस माझा दंडापासून मनगटापर्यंतचा हात हिरवानिळा होता. चौथा, पाचवा, आणि मग तिचा उलट ठोसा माझ्या छातीच्या पिंजऱ्याला स्पर्श करून थांबला. त्याबरोबर जी आरोळी निघाली ती मी अडीच वर्षांत ऐकली नव्हती. चहाची किटली घेऊन येणारा मुलगा दारातच थबकला.

परतीची एस.टी. खच्चून भरलेली. ती कडेच्या सीटवर, मी आत, मांडीवर स्ट्रॉबेरीची पेटी. घाटाच्या दुसऱ्या वळणावर शेजारी उभा असलेला एक मनुष्य वळण नसतानाही तिच्या खांद्यावर रेलू लागला. तिने वर पाहिले. ओठ सुजलेला होता, त्यामुळे शब्द थोडे जाड उमटले. पण ते अगदी ड्रायव्हरपर्यंत पोचले. "काका, सरळ उभे राहा."

गाडीतली सारी डोकी वळली. काका पुढच्या दारापर्यंत सरकले. तिने पेटीतली एक स्ट्रॉबेरी उचलली आणि आंबट निघाल्याची तक्रार केली.

वाईच्या स्थानकावर आम्ही दोघी कठड्याला धरून, आडवे होत, एकेक पायरी उतरत होतो. "काय गं पोरींनो, आत्ताच म्हाताऱ्या झाला काय?" कंडक्टर ओरडला. "उतरा लवकर!"