अंगणातलं थकीत खातं

आमच्या देवरूखात माणूस आजारी पडला तर डॉक्टर शोधावा लागतो. झाड आजारी पडलं की डॉक्टर आपण होऊन येतात, चहा घेतात आणि निदान करून जातात.

अंगणातला रायवळ आंबा वडिलांनी लावलेला. ते गेल्यापासून आई तिन्हीसांजेला त्याच्या बुंध्याशी पाट टाकून बसायची. हल्ली बसत नाही. कोबा तापतो म्हणते. कोब्याचं पुढे येईलच.

तर हा आंबा दोन वर्षांपासून शेंड्याकडून वाळू लागला. शेजारचे काका म्हणाले, "बांडगूळ!" होतंच एका फांदीवर. फांदीसकट कापलं. बँकेतल्या शिपायानं खोडावरचं भोक आणि खाली पडलेला भुसा दाखवला. "भिरूड, भाऊसाहेब!" तार घालून अळी ओढली. बोटाएवढी, गुबगुबीत आणि आतल्या आत पोखरणारी. मला एका जुन्या साहेबांची आठवण झाली. भोकात पेट्रोलचा बोळा कोंबला, वर चिखल लिंपला. सोनंतारणाच्या एका गिऱ्हाईक बाईंनी 'दृष्ट' सांगितली. हिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. झाड आपलं वाळतंच आहे!

शेवटी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला भाचा आला. हा पठ्ठ्या वर बघेचना. बुंध्याशी उकिडवा बसला.

"मामा, झाड जमिनीशी रुंद व्हायला हवं. हे विजेच्या खांबासारखं सरळ आत घुसलंय. भर कधी घातलात?"

"तीन वर्षं झाली," मी म्हणालो. "मुंजीच्या वेळी. अंगण उतरतं होतं, मांडवाला सपाट हवं होतं. दीड फूट माती आणि वर सिमेंटचा कोबा."

मग त्यानं सांगितलं. झाडाची खाणारी-पिणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. भर घालून आपण ती गाडली, वर झाकण लावलं. मातीत पुरलेली साल कुजते ती वेगळीच. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तो सगळा कोब्यावरून घसरून पऱ्ह्याला आणि आंबा मधोमध तहानलेला! मोठं झाड साठवणीवर वर्षं-दोन वर्षं ढकलतं, म्हणून आपल्याला संशय येत नाही. अशक्त झालं की भिरूड येते.

मला एकदम बँकेत बसल्यासारखं झालं. कर्ज थकलं की सगळे शेवटचे चुकलेले हप्ते मोजतात. खरी गफलत मंजुरीच्या दिवशीच झालेली असते. इथे मंजुरीवर सही माझी.

"जगेल?" आईनं विचारलं.

"दोन पावसाळे बघू, आजी. माती हातानं काढा, मुळं तोडू नका, वर पाचोळा पसरा."

कोबा घालणाऱ्या गवंड्यालाच फोडायला बोलावला. फोडायचा दर घालण्यापेक्षा जास्त निघाला. पक्कं काम केलंय म्हणे, अभिमानानं.

संध्याकाळी आई पाट घेऊन त्या ढिगाऱ्यातच बसली. "मुंजीच्या वेळी मी तुला म्हणाले होते—"

मी चहाचं बघायला आत गेलो.