ट्यूनर कार्डाची टिपणे

नव्या मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट नसतो, पहिली अडचण तीच. छोटा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट बहुधा मोकळा असतो, पण जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड त्यात बसत नाही. मध्ये ब्रिज चिप असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. तो घेताना पॉवर सप्लायची वेगळी वायर जोडायची सोय आहे का, हे आधी बघावं. एक्स्प्रेस स्लॉटमधून १२ आणि ३.३ व्होल्ट मिळतात. या कार्डांना लागणारे ५ व्होल्ट तिथे नाहीतच. थेट स्लॉटमध्ये उभा राहणारा अ‍ॅडॉप्टर घेतला तर कार्ड वर उचललं जातं आणि कॅबिनेटचा स्क्रू लागत नाही. म्हणून लांब केबलचा बरा.

*

कार्ड लावण्याआधी खालच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या आणि रबराचा चुरा ब्रशने झाडायचा. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या कार्डाचा निम्मा आजार इथेच बरा होतो.

*

कार्ड लागलं, तरी ते पकडणार काय? केबलवरचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मुदतीला बंद करायचं ठरलं. पुणे, नागपूर, नाशिक यांची मुदत ३१ मार्च २०१३ होती. उरलेली गावं २०१७ पर्यंत. दूरदर्शननेही आपले जमिनीवरचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद केले. त्यामुळे कार्डावरच्या त्या चकचकीत पत्र्याच्या डबीला, म्हणजे खऱ्या ट्यूनरला, आता काम उरलेलं नाही. (एफएमचं वेगळं सॉकेट असलेल्या कार्डांवर आकाशवाणी मात्र अजून छान लागते.)

तरीही हे कार्ड भंगारात घालायचं नाही. डबीशेजारी पिवळं सॉकेट असतं, त्याच्यासाठी. व्हीसीआरची पिवळी वायर त्यात खुपसली की घरातली लग्नं, मुंजी, बारशी संगणकात उतरतात. माझा सगळा खटाटोप त्याचसाठी आहे.

*

विंडोजचा नाद सोडलेला बरा. सोबतच्या सीडीवरचा ड्रायव्हर बहुतेक वेळा एक्सपीच्या काळातला, ३२ बिटचा असतो. आजची ६४ बिट विंडोज तो घेत नाही, आणि सही नसलेला ड्रायव्हर तर दारातच अडवते. मीडिया सेंटरही विंडोज १० पासून गेलं.

*

लिनक्सवर चित्र वेगळं. आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक कार्डांवर दोनच घराण्यांच्या चिप दिसतात: ब्रुकट्रीची बीटी ८७८, नाहीतर फिलिप्सची एसएए ७१३० किंवा ७१३४. दोन्हींचे ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच आहेत. कंपनीने साथ सोडली, चिपवरचं नावही बदललं, तरी कुणीतरी ते सांभाळत राहिलं. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अडतं ते ओळख पटवण्यात. चांगल्या कार्डावर एक छोटी मेमरी चिप असते, तिच्यात कार्डाचा ओळख क्रमांक असतो. स्वस्त कार्डांत ती चिपच नसते. मग ड्रायव्हर त्याला ‘अनोळखी’ म्हणून नोंदवतो, व्हिडिओचं उपकरण तयार करतो, आणि पडदा काळाच राहतो. कारण चिप एकच असली तरी पिवळं सॉकेट तिच्या कुठल्या पायाला जोडायचं, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलेलं. तो नकाशा ड्रायव्हरला कार्डाच्या क्रमांकावरून कळतो. दोन्ही ड्रायव्हरांच्या याद्यांत दीडशेहून जास्त कार्डं आहेत. आपल्या कार्डाची पाठ-पोट नीट बघावी, छापलेला मॉडेल नंबर भिंगाखाली वाचावा आणि यादीतलं जवळचं नाव शोधावं. ड्रायव्हर उतरवून, तो क्रमांक देऊन पुन्हा चढवायचा. नकाशा जुळला की काळ्या पडद्यावर एकदम माणसं दिसू लागतात.

पद्धत पालच निवडावी. एनटीएससी राहिलं तर रंग जातात आणि चित्र सरकत राहतं.

*

आवाज. ७१३४ चिप आवाजही पीसीआयवरून देते. ७१३० देत नाही. तिथे व्हीसीआरची लाल-पांढरी वायर सरळ संगणकाच्या निळ्या लाइन-इन सॉकेटमध्ये द्यायची. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या घड्याळांवर चालत असल्याने तीन तासांच्या कॅसेटमध्ये शेवटी शेवटी ओठ आणि शब्द जुळेनासे होतात. तुकडे पाडून रेकॉर्ड करावं, हा सोपा उपाय.

*

हिशेब: ७२० × ५७६ ठिपके, प्रत्येकी २ बाइट, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला सुमारे २०.७ एमबी, तासाला जवळजवळ ७५ जीबी. एके काळी एवढ्या आकड्याने छाती दडपायची. आजची हार्ड डिस्क सहज पेलते. मूळ प्रत एफएफव्ही१ सारख्या, काहीही न गाळणाऱ्या पद्धतीने साठवावी. जागाही वाचते. फोनवर पाठवायची छोटी प्रत नंतर त्यातूनच काढता येते.

*

आत्याच्या लग्नाची कॅसेट. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, मागे सिनेमाचं गाणं, चित्राच्या तळाशी एक थरथरती फाटकी पट्टी. ती पट्टी कार्डाचा दोष नाही. व्हीसीआरमधलं एक हेड थांबून दुसरं सुरू होतं, त्या जागेची ती खूण. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जायची. मूळ प्रतीत राहू द्यावी. पंगतीत आजोबा आग्रह करताना दिसतात, आवाजही त्यांचा ओळखू येतो.

*

कार्डाची घाई नाही, घाई टेपची आहे. आपल्या पावसाळी हवेत रिळांच्या कडेला पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून ती दिसते. अशी कॅसेट साफ केल्याशिवाय व्हीसीआरमध्ये घालू नये, हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. आणि व्हीसीआर आता नवा मिळायचा नाही: फुनाई ही जपानी कंपनी बहुधा शेवटची बनवणारी, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू असलेला व्हीसीआर कुणाकडे असेल तर आधी त्याच्याशी बोला, कॅसेटी घेऊन जा, आणि उतरवून झाल्यावरही मूळ कॅसेट फेकू नका.