अश्वशक्तीचा हव्यास

बीएमडब्ल्यूने १९८० साली बाजारात आणलेली 'आर ८० जी/एस' ही दूरच्या प्रवासाची मोटारसायकल ५० अश्वशक्तीची होती. तिच्याच वंशातील, २०२३ साली आलेली 'आर १३०० जीएस' १४५ अश्वशक्तीची आहे. आम्हांला प्रश्न पडतो, की या काळात प्रवासात असे काय तिपटीने वाढले?

शक्तीचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. मागे सहप्रवासी, दोन्ही अंगांना सामान आणि पुढे चढावर रांगणारा ट्रक असला, की राखीव ताकदीचे मोल कळते. खारदुंग ला येथे, ५,३५९ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा उरतो आणि इंजिनाचा जोर ओसरतो. तरीही विसाच्या आतल्या अश्वशक्तीच्या जुन्या साडेतीनशे सीसी बुलेटने कित्येकांना तिथवर सुखरूप नेऊन आणले आहे.

मग उरलेली शक्ती जाते कुठे? मुख्यत्वे वाऱ्याशी झुंजण्यात. वेग दुप्पट झाला, की हवेचा अडथळा कापायला आठपट शक्ती लागते. वरंधा घाटाच्या वळणांवर या गणिताला वाव नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही.

पेपर तपासून झाले, की आम्ही चोवीस अश्वशक्तीच्या गाडीवर कोकणात उतरतो. २३७ किलोंचे धूड चिखलात आडवे झाले तर उचलणार कोण, हा चाळिशीतला प्रश्न आम्हांला अधिक खरा वाटतो. आमच्या प्रवासाला कमी पडते ती रजा. ती कोणत्याही इंजिनाने वाढत नाही.