भिंतीवरील मंडळी

जुन्या घराच्या भिंतीवर कोणाची तसबीर लागावी, कोठें लागावी आणि केव्हां लागावी, याविषयीं कोणत्याही स्मृतिकारानें वचन लिहून ठेवल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. तरी नियम होते, आणि आमच्या लहानपणीं ते घरोघर पाळले जात. दर्शनी भिंतीवर देवादिक; त्यांच्या शेजारीं लोकमान्य; मग घरांतील दिवंगत वडील मंडळी. हयात माणसाची एकट्याची तसबीर त्या रांगेंत लावणें अशुभ समजत. एखाद्या हौशी गृहस्थानें स्वतःचा फोटो मढवून आणलाच, तर तो आंतल्या खोलींत, कपाटाच्या आडोशाला, यमदूतांची सहसा नजर जाणार नाहीं अशा जागीं टांगला जाई. तसबिरी भिंतीला सपाट चिकटवीत नसत. त्यांचा माथा पुढें झुकविलेला असे. त्यामुळें खालीं अभ्यासाला बसलेल्या मुलास आजोबा वांकून आपली पाटी पहात आहेत असा भास होई. पुष्कळशा घराण्यांतील विद्येचा उगम या झुकलेल्या तसबिरींत शोधला पाहिजे, असें आमचें मत आहे.

ही भिंत फार प्राचीन होती असें मात्र नाहीं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती १८५४ सालीं, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय फोटोग्राफर पुढें आले तेही त्याच सुमारास. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत सुरू झाला, व लक्ष्मी-सरस्वती मध्यम स्थितींतील कुटुंबांच्या आटोक्यांत आल्या. ज्याला आपण सनातन समजतों तें पुष्कळदां पणजोबांच्या वेळचें असतें.

दूरच्या माणसाला जवळ आणण्याचें काम फोटोनें पहिल्यापासूनच केलें. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं फिलाडेल्फिया येथें आनंदीबाई जोशी यांचा, एका जपानी व एका सीरियन सहाध्यायिनीसह, तिघींच्या आपापल्या देशांच्या वेषांत काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. असा फोटो त्या काळीं स्वदेशीं यावयाचा म्हणजे आगबोटीनें, कित्येक आठवड्यांनीं यावयाचा. तोंपर्यंत त्यांतील माणसाच्या प्रकृतींत, क्वचित् नशिबांतही, पालट झालेला असावयाचा. आज न्यू जर्सींतील आमच्या पुतणीनें सकाळीं दांत पडल्याचा फोटो काढला, तर त्याच क्षणीं, म्हणजे आमच्या सायंकाळीं, तो वारूळवाडीच्या माजघरांत हजर होतो.

हें कसें घडतें तें सांगितलें पाहिजे. नारायणगांवाला लागून असलेल्या या वारूळवाडींत आमचें वडिलोपार्जित घर आहे, व तेथें आमच्या मातोश्री राहतात. गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या बंधूंनीं अमेरिकेहून येतांना त्यांच्यासाठीं एक डिजिटल फोटो फ्रेम आणली. आकारानें ती शाळकरी पाटीएवढी; पुढें कांचेचा पडदा, मागें विजेची तार. घरच्या वायफायशीं तिची एकदां सोयरीक जुळवून दिली, कीं ज्यास ज्यास परवानगी दिली असेल तो आपल्या मोबाइलवरून तींत फोटो पाठवूं शकतो, मग तो पुण्यास असो कीं परदेशीं. पडद्यावर दर दहा सेकंदांनीं चित्र पालटतें. शेजाऱ्यांना याचें फारसें नवल वाटलें नाहीं. आमच्या गांवापासून जवळच, खोडदच्या परिसरांत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत, आणि दूरच्या तारकाविश्वांतून येणाऱ्या लहरी टिपून शास्त्रज्ञ त्यांचीं चित्रें बनवितात. तेथें न्यू जर्सीची काय कथा!

या विद्येच्या उगमाशीं एक गोड गोष्ट आहे. १९५७ सालीं अमेरिकेंतील रसेल कर्श या इंजिनिअरानें फोटो यंत्रांत घालून त्याचे आंकडे बनविण्याची युक्ति प्रथम साधली. चित्राचे उभे-आडवे प्रत्येकी १७६ भाग, म्हणजे एकूण ३०,९७६ लहान चौकोन पाडून, प्रत्येक चौकोन काळा कीं पांढरा एवढेंच यंत्रानें टिपलें. परीक्षेसाठीं कर्श यांनीं कोणा राष्ट्राध्यक्षाचा किंवा कारखान्याचा फोटो घेतला नाहीं. आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा घेतला. गणकयंत्राच्या पोटांत शिरलेला पहिला फोटो हा असा घरगुती फोटो होता.

मातोश्रींनीं नव्या वस्तूचें स्वागत केलें, पण तिला तसबीर म्हणण्यास त्या तयार झाल्या नाहींत. "हा फोटो कसला, ही वरात आहे," असें त्या म्हणाल्या. पहिल्या आठवड्यांतच तिचा स्वभाव कळून आला. पडदा भरून टाकण्याच्या हव्यासानें ती उंच माणसांचीं डोकीं व बसलेल्यांचे पाय छाटून टाकी. ती खोड एक कळ फिरवून घालवितां आली. दुसरी खोड अधिक खोल होती. वडिलांचा फोटो येई, त्यामागून नातू पोहण्याच्या तलावांत उडी मारतांना येई, मग चुलत्यांचा अखेरच्या आजारांतील चेहरा, मग कोणाच्या तरी घरचा केक. हयात आणि दिवंगत यांच्यामध्यें जुन्या भिंतीनें जी मर्यादा राखली होती, ती या यंत्राला ठाऊक नव्हती.

वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशीं मातोश्री गंधाची वाटी घेऊन फ्रेमपुढें उभ्या राहिल्या. फ्रेममधील फोटो रंगीत व हंसरा होता, आणि भिंतीवरच्या फोटोंत वडील नोकरीच्या अर्जासाठीं बसल्यासारखे दिसत, म्हणून त्यांना हाच पसंत होता. वडील दिसेपर्यंत त्यांनीं वाट पाहिली व गंधाचें बोट पुढें केलें. बोट पडद्यास लागतांच चित्र सरकलें, आणि तें गंध पुतणीच्या मैत्रिणीच्या कपाळीं लागलें. घरांतील सर्व मंडळी हंसलीं. मातोश्रीही हंसल्या, पण मग त्यांनीं कांच पुसली, स्टूल मागविलें, भिंतीवरची जुनी तसबीर उतरवून घेतली व तिला गंध लावून हार घातला. चित्र एका जागीं थांबवून ठेवण्याची सोय त्या यंत्रांत आहे, हें बंधूंनीं रात्रीं दूरध्वनीवरून सांगितलें. "असूं दे," एवढेंच त्या म्हणाल्या. आम्हांस वाटतें, स्पर्श होतांच जो निघून जातो त्याला गंध लावणें त्यांच्या मनास रुचलें नसावें.

याच फ्रेमनें पुढें एका विसरलेल्या माणसाला घरांत परत आणलें, आणि तेंही त्याला अगोदर घालवून. आमच्या आईवडिलांच्या लग्नानंतर, १९६४ सालीं, घरच्या अंगणांत सर्व कुटुंबाचा एक फोटो काढला होता. मध्यभागीं खुर्च्यांवर आजोबा-आजी, मागें मुलगे-सुना, पुढें सतरंजीवर पोरें. उजवीकडे अगदीं कडेला, दाराच्या चौकटीस टेकून, अर्धी आंत व अर्धी बाहेर अशी एक आकृति आहे. ती आजोबांची बहीण. लहानपणींच वैधव्य आलेली ही आत्याबाई त्या घरांत चाळीस वर्षें राबली. मंगल प्रसंगाच्या फोटोंत तिनें उभें रहावें असें तिला कोणीं म्हटलें नाहीं, दूर हो असेंही कोणीं म्हटलें नाहीं. उंबरठ्यापर्यंत यावयाचें हें तिचें तिलाच ठाऊक होतें. तिचा दुसरा फोटो नाहीं.

वारूळवाडी या नांवाचा मान राखण्यासाठींच कीं काय, वाळवीनें त्या फोटोची नेमकी उजवी कड कुरतडली होती. सुटींत आलेल्या पुतण्यानें मोठ्या हौसेनें तो यंत्रांत उतरविला, आणि चित्र सुबक दिसावें म्हणून फाटकी कड कापून टाकली. वाळवीनें जिला सोडलें होतें ती आत्याबाई अशी गेली. फ्रेममध्यें तो फोटो प्रथम आला तेव्हां मातोश्रींनीं सुनेला जवळ बोलावून विचारलें, "आत्याबाई कुठें आहेत?" सून त्यांचें नांवही प्रथमच ऐकत होती. नव्या नवरीला त्या घरांत पहिला प्रेमाचा शब्द ज्यांनीं दिला, आमच्या जन्माच्या वेळीं ज्या रात्रभर उशाशीं बसल्या, त्या आत्याबाई साठ वर्षें भिंतीच्या कोपऱ्यांत सुरक्षित होत्या. त्यांचें नांव मातोश्रींनीं कधीं घेतलें नव्हतें, कारण मान वर केली कीं त्या दिसतच होत्या.

या प्रसंगावरून कोणी भिंत बरी व यंत्र वाईट असा निकाल देऊं पाहील, तर आम्ही त्याच्या बाजूचे नाहीं. भिंतीही कायमच्या नसतात. ३० जुलै २०१४ च्या पहाटेनंतर थोड्याच वेळानें आमच्या शेजारच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला. सुमारें दीडशें माणसें गेलीं. जेथें घरेंच गाडलीं गेलीं तेथें भिंतीवरच्या तसबिरींचा हिशोब कोण ठेवणार? गेलेल्या माणसाचा चेहरा दुसऱ्या गांवीं, एखाद्या लेकीच्या किंवा भाच्याच्या मोबाइलमध्यें शिल्लक असणें, ही अशा वेळीं क्षुल्लक गोष्ट नव्हे. उलट हेंही खरें कीं, आमच्या फ्रेमचीं चित्रें परदेशांतील एका कंपनीच्या कोठारांत ठेवलेलीं असतात, आणि त्या कंपनीनें उद्यां दुकान बंद केलें तर नवे फोटो यावयाचे थांबतील. वाळवी निदान कडेपासून सुरुवात करते. कंपनी एकदम मध्यापासून.

आमची चिंता टिकाऊपणाची नाहीं, निवडीची आहे. पूर्वीं एका घरांत दहा-बारा फोटो असत. त्यांत कोण आहे व कोण नाहीं हें मुलांना पाठ असे. आतां दर महिन्याला शेंकड्यांनीं येतात, आणि ज्याच्या हातीं मोबाइल तोच घराण्याचा बखरकार होतो. तो हंसरे चेहरे, सहली, वाढदिवस पाठवितो. आजारी माणूस, रुसलेली बहीण, कडेला उभी असलेली बाई यांचे फोटो कोणी पाठवीत नाहीं. ज्याचा फोटो कोणी पाठवीत नाहीं तो या घरांतून हळूहळू नाहींसा होतो, आणि यांत कोणाचा वाईट हेतु असतो असेंही नाहीं.

पुतण्याला हें कळविलें तेव्हां तो खजील झाला, व त्याच्या सांगण्यावरून आम्हीं तो फोटो जसा आहे तसा, वाळवीच्या नक्षीसह, पुन्हां उतरवून पाठविला. आतां फ्रेममध्यें पोहण्याच्या तलावानंतर केव्हां तरी अंगण येतें, आणि अंगणाच्या टोकाला ती आकृति. परवां रात्रीं पुतण्यानें दूरध्वनीवरून विचारलें, "आजी, त्या आंत कां थांबल्या होत्या?" मातोश्री पलंगावर नीट मांडी घालून बसल्या, दूरध्वनी या कानाचा त्या कानाला घेतला, आणि सुनेला म्हणाल्या, "जेवायची पानें घेऊं नकोस एवढ्यांत. मला वेळ लागेल."