दोन विकांत आणि एक वेबिल

तर मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. 'हापिसातल्या रिलीजने जीव खाल्ला' ही आपली नेहमीची सबब यावेळी खरी नाही. २०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे, आणि लिहू की नको यातच इतके दिवस गेले. शेवटी पार्टनरलाच फोन करून विचारलं.

"लिही की," तो म्हणाला, "फक्त नाव नको घालूस. आणि तो हललेला फोटो नको टाकूस."

नाव घालत नाहीये. फोटोचं शेवटी बघू.

पार्टनर म्हणजे माझा रूममेट. सांगलीला इंजिनिअरिंगला एकाच वर्गात, आणि मग योगायोगाने अमेरिकेतही एकाच गावात. गाव म्हणजे कोलंबस, ओहायो. इकडे आल्यावर पुण्यातल्या एका काकांनी विचारलं होतं, "म्हणजे न्यू यॉर्कच्या जवळ का?" नाही हो काका. जवळ मका आहे. मका संपला की सोयाबीन आहे. पण राज्याची राजधानी आहे, बँका आणि विमा कंपन्या भरपूर, त्यामुळे आपल्यासारखी कोडकरी जनताही भरपूर.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पार्टनरची नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, त्यातली पाच मिनिटं माईक चालू करण्यात. एच-वन-बी वाल्यांना हा हिशोब तोंडपाठ असतो: शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधा, नाहीतर व्हिसाचा प्रकार बदला, नाहीतर चालू पडा. भावाने चाळीस दिवस इंटरव्ह्यू दिले. मग एका रात्री गुपचूप १ जूनचं मुंबईचं तिकीट काढलं आणि मला म्हणाला, "चल, चहा टाक."

हे सगळं ठीक. म्हणजे ठीक नाही, पण होतं असं. खरी गोची वेगळीच होती. त्याने घरी सांगितलंच नव्हतं. आधी 'नवी नोकरी लागली की सांगू' म्हणून, मग 'आत्ता कसं सांगू, आधीच का नाही सांगितलं म्हणतील' म्हणून. कराडला त्याचे अण्णा दर शनिवारी फोन करायचे आणि हा "चाललंय निवांत" म्हणायचा. आता 'महिनाभर सुट्टीवर येतोय' असं सांगायचं ठरलं होतं.

आणि इथे माझी एंट्री.

"तुझा तो कॅमेरा काढ," पार्टनर म्हणाला. "घरी पाठवायला चार चांगले फोटो पाहिजेत. कसं, सगळं ओके दिसलं पाहिजे."

तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेला डीएसएलआर आहे माझ्याकडे. शनिवार-रविवार मी तो गळ्यात अडकवून गावभर फिरतो. माझ्या हार्डडिस्कवर पूल आहेत, इमारती आहेत, पावसात भिजलेले सिग्नल आहेत, एका खारीचे एकशेचाळीस फोटो आहेत. ज्या माणसाबरोबर रोज जेवलो त्याचा एकही नाही. हे त्या दिवशी फोल्डर उघडल्यावर कळलं.

मेमोरियल डेचा तीन दिवसांचा विकांत होता, २४ ते २६ मे. म्हटलं, चला.

शनिवारी संध्याकाळी नॉर्थ बँक पार्कला गेलो. कोलंबसचा पोस्टकार्ड फोटो हवा असेल तर हीच जागा. समोर सायोटो नदी आणि पलीकडे सगळ्या उंच इमारती पाण्यात उलट्या उभ्या. त्यात माझी लाडकी म्हणजे लेव्हेक टॉवर. १९२७ सालची, ४७ मजली, ५५५ फूट आणि वर सहा इंच. वॉशिंग्टन स्मारकापेक्षा अर्धा फूट जास्त भरावी म्हणून एवढी, असं सांगतात. अर्ध्या फुटासाठीसुद्धा माणसं काय काय करतात बघा! नदीही आताशा आटोपशीर झालीय. २०१३ मध्ये मेन स्ट्रीटजवळचा बंधारा काढला, पात्र अरुंद झालं आणि काठाला ३३ एकर नवी हिरवळ मिळाली. पूर्वी तिथे गढूळ पाणी नुसतं साचून राहायचं.

या दिवसांत सूर्य पावणेनऊच्या पुढे मावळतो. खरी मजा त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत. आकाश गडद निळं होतं पण काळं झालेलं नसतं, आणि इमारतींचे दिवे लागलेले असतात. त्याच्या आधी दिवे दिसत नाहीत, नंतर आकाश दिसत नाही. ट्रायपॉड लावला, आयएसओ १००, शटर चार सेकंद. इमारतींना चार सेकंदांचं काही वाटत नाही. माणसाला मात्र पुतळ्यासारखं उभं राहावं लागतं.

"हलू नको. श्वास रोखून धर. आणि हस."

"श्वास रोखून हसू कसा बे?"

पाच-सहा फोटो बरे आले. एकात मात्र मधेच त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने खाली बघितलं, परत वर बघितलं. फोटोत मागची इमारत काचेसारखी स्वच्छ, पाणी मखमली, आणि पार्टनरला दोन चेहरे. एक हसणारा, एक खाली बघणारा.

"अण्णा होते," तो म्हणाला. "हा डिलीट कर."

मी हो म्हणालो आणि केला नाही.

रविवारी डब्लिनला गेलो, म्हणजे आयर्लंडच्या नव्हे, कोलंबसच्या वायव्येला चिकटून असलेल्या डब्लिनला. तिथे 'फील्ड ऑफ कॉर्न' म्हणून एक भारी प्रकार आहे. हिरवळीवर रांगेत माणसाएवढी उंच, पांढरी, सिमेंटची मक्याची कणसं. १०९! माल्कम कोक्रन नावाच्या शिल्पकाराने १९९४ मध्ये केलेली. ही जमीन सॅम फ्रँट्झ नावाच्या शेतकऱ्याची होती, ज्याने संकरित मक्यावर काम केलं. आता चहूबाजूंना ऑफिसं आहेत आणि मक्याची आठवण तेवढी सिमेंटमध्ये उरलीय. पार्टनर एका कणसाच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला, कॉलेजात गॅदरिंगच्या फोटोला राहायचा तसा. फोटो झकास आला. रात्री घरी पाठवला, खाली लिहिलं, 'इथला मका.' अण्णांचा अंगठा आला.

मला बरं नाही वाटलं. इतकी वर्षं मी समजत होतो की आपण जे आहे ते टिपतो. इथे मी चांगला उजेड निवडून, नीट चौकट लावून एक थाप टिपत होतो. पण बोललो नाही. बोलायचं तर काय बोलायचं? नोकरी त्याची गेली होती, माझी नाही.

पुढचा शुक्रवार, ३० मे. माझ्या हापिसात मेमोरियल टुर्नामेंटची दोन तिकिटं फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मी रजा टाकली, पार्टनरला रजेची गरज नव्हती. (हा विनोद त्याचाच.)

गोल्फमधलं आम्हा दोघांना शून्य कळतं. जॅक निकलॉस हा मूळचा कोलंबसचाच. त्यानेच डब्लिनमध्ये हे मुइरफिल्ड व्हिलेज मैदान उभारलं आणि १९७६ पासून तिथे ही स्पर्धा भरते, एवढं वाचून गेलो होतो. मी कॅमेरा घेऊन निघालो आणि वाटेत नियम वाचले. सामन्याच्या दिवसांत कॅमेरा आत नेता येत नाही, फक्त सरावाच्या दिवसांत चालतो. फोन चालतो, पण आवाज बंद. झालं! कॅमेरा डिकीत, आणि मी गळ्यात काही नसल्यामुळे उघडाबोडका.

गोल्फ टीव्हीवर बघणं म्हणजे गवत वाढताना बघणं. प्रत्यक्षात मात्र मजा येते. एक तर मैदान सपाट नाहीच, चढउतार चालून पोटऱ्या भरतात. दुसरं म्हणजे शांतता. खेळाडू चेंडूपाशी उभा राहिला की स्वयंसेवक हात वर करतात आणि हजारो माणसं एकदम चिडीचूप. वानखेडेवर सवय झालेल्या कानांना हे भुताटकीसारखं वाटतं. मग 'ठक्', आणि चेंडू दिसेनासा. आम्ही दोघंही कायम चुकीच्या दिशेला बघत होतो. गुण कमी तितके चांगले, हे मात्र पटकन कळलं. बग काउंटसारखं.

शुक्रवारी 'कट' असतो. दोन दिवसांच्या ३६ होलनंतर यादीवर रेघ मारतात. पहिले पन्नास आणि त्यांच्या बरोबरीचे, शिवाय आघाडीपासून दहा फटक्यांच्या आतले, ते शनिवार-रविवार खेळणार. बाकीच्यांनी बॅग भरायची. हे मी पार्टनरला सांगितलं आणि जीभ चावली. तो म्हणाला, "म्हणजे साठ दिवसांऐवजी दोन दिवस. बरंय. लवकर मोकळे होतात."

दुपारनंतर आम्ही मिल्कशेक घेऊन अठराव्या होलच्या उतारावर बसलो. एक खेळाडू आला. पाटीवर त्याचा आकडा इतका वाईट होता की आम्हालाही कळलं, हा चालला घरी. शेवटचा पट मारायचा होता. गडी वाकला, मागून बघितलं, समोरून बघितलं, कॅडीशी बोलला, परत वाकला. त्या फटक्याने काहीही बदलणार नव्हतं. तरी सगळे चिडीचूप. चेंडू भोकाच्या काठावर थांबला. त्याने तो आत ढकलला, टोपी काढली, सगळ्यांशी हात मिळवले आणि एका दाराने आत गेला.

"आत काय करतात?" पार्टनरने शेजारच्या आजोबा स्वयंसेवकाला विचारलं.

ते म्हणाले, सही करतात. सोबतचा खेळाडू त्याचे आकडे टिपतो, पण प्रत्येक होलचा आकडा स्वतः तपासून सही त्यालाच करावी लागते. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही केली तर बाद.

"मग हा तर तसाही बाहेरच गेला ना?"

"तरी सही करायची."

पार्टनर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "वेबिल."

अण्णा एसटीत कंडक्टर होते. कुठल्या स्टेजला किती तिकिटं फाडली, किती पैसे जमा झाले, सगळं वेबिलावर लिहायचं, खाली सही करायची आणि डेपोत हिशोब द्यायचा. तपासनीस मधेच गाडीत चढला की आधी वेबिल मागणार. पार्टनर लहानपणी त्यांच्याबरोबर पाटणच्या गाडीत बसून जायचा. "गाडी रिकामी गेली तरी अण्णा वेबिल भरायचे," तो म्हणाला. "रिकामी गेली असं लिहायचे."

त्या रात्री साडेनऊला, म्हणजे कराडला शनिवारी सकाळी सात वाजता, त्यानेच फोन लावला. स्पीकरवर. मी उठून आत जायला लागलो तर हाताने बस म्हणाला. त्याने सगळं सांगितलं. एप्रिल, साठ दिवस, इंटरव्ह्यू, तिकीट, सगळं. एका दमात, स्टँडअप मीटिंगमध्ये सांगतात तसं.

तिकडून काही वेळ फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली. मग अण्णा म्हणाले, "तू फोटो पाठवायला लागलास तेव्हाच कळलं मला. चार वर्षांत कधी आपण होऊन फोटो पाठवलेस का रे?"

मी जमिनीकडे बघत होतो.

"आणि काढणारा कुठंय? तिथंच आहे ना?"

"आहे, काका," मी म्हणालो.

"फोटो चांगले काढतोस. पण एवढं माहीत होतं तर एक फोन मला करायचास. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"चुकलं काका."

"असू दे. त्याला विमानतळावर नीट सोड. बॅगेचं वजन करून घ्या घरीच, तिथं उघडाउघडी नको."

रविवारी वजन घरीच केलं, दोन किलो जास्त भरलं, लोणच्याची बरणी माझ्याकडे राहिली. त्याला सोडून आलो. अपार्टमेंटमध्ये एकदम आवाज येईनासे झाले. रात्री बातम्यांत बघितलं, स्कॉटी शेफलर जिंकला होता, लागोपाठ दुसऱ्या वर्षी. तसं याआधी फक्त टायगर वुड्सनेच केलं होतं, १९९९ पासून सलग तीन वर्षं. ज्याला आम्ही अठराव्या होलवर बघितलं त्याचं नाव काही आठवेना.

पार्टनरला पुण्यात नोकरी लागली. पगाराचं विचारू नका, तोही सांगत नाही. :-) परवा फोनवर म्हणाला, अण्णांनी फोटो मागितलेत, छापून भिंतीला लावायला. सगळे पाठव म्हणाले.

सगळे पाठवले. तो हललेलासुद्धा. इथे मात्र टाकत नाही.

असो. पुढच्या विकांताला खारीचे फोटो.